कपातीचे गणित आणि भूगोल

दोन्ही बाजूंनी सारखेच सैन्य कमी केले की समतोल कायम राहतो, ही समजूत मोठी सोयीची आहे. नाटो आणि वॉर्सा करारातील राष्ट्रे यांच्यात १९७३ ते १९८९ या काळात व्हिएन्ना येथे चाललेल्या वाटाघाटी याच समजुतीपाशी अडखळत राहिल्या. त्यांचा उगमही निव्वळ शांतिप्रेमात नव्हता. युरोपातील अमेरिकी सैन्य निम्म्यावर आणावे, असा प्रस्ताव सिनेटर मॅन्सफील्ड यांनी १९७१ मध्ये मांडला होता. तो फेटाळला गेला. परंतु एकतर्फी माघार टाळावयाची तर देवाणघेवाणीची भाषा करणे वॉशिंग्टनला भाग होते.

खरी अडचण भूगोलाची होती. पश्चिम जर्मनीतून निघालेली अमेरिकी डिव्हिजन अटलांटिकपलीकडे जाणार, तर पूर्व जर्मनीतून निघालेली सोव्हिएत डिव्हिजन पोलंड ओलांडून स्वदेशी थांबणार. एकीला परतण्यास जहाजे हवीत. दुसरीला आगगाडी पुरे. शिवाय सैन्य घटले म्हणून राखावयाची सरहद्द घटत नाही. दोन जर्मनींमधील सुमारे १,४०० किलोमीटरच्या सीमेवर नाटोच्या प्रत्येक तुकडीच्या वाट्याला अधिक लांबी आली असती, आणि आक्रमकाला मात्र आपले बळ हव्या त्या ठिकाणी एकवटता आले असते.

१९८८ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी पाच लाख सैनिकांची एकतर्फी कपात जाहीर केली आणि वारे फिरले. १९९० च्या पॅरिस कराराने माणसांऐवजी शस्त्रे मोजली. प्रत्येक गटाला २०,००० रणगाड्यांची समान मर्यादा घातल्याने ज्याच्यापाशी अधिक होते, त्यालाच अधिक मोडीत काढावे लागले. नाटोचे संरक्षण या कराराने दुबळे झाले, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

दुबळेपणा आला तो नंतर, आणि कोणाशीही वाटाघाटी न करता. कराराने जर्मनीला ४,१६६ रणगाड्यांची मुभा दिली होती; प्रत्यक्षात ती संख्या सुमारे तीनशेपर्यंत खाली आली. ही घट मॉस्कोने मागितली नव्हती. ती अर्थखात्यांना हवी होती. २०११ मध्ये तेथील सक्तीची लष्करभरतीही स्थगित झाली. युक्रेनवर २०२२ मध्ये आक्रमण झाले, तेव्हा पश्चिम युरोपातील दारूगोळ्याची कोठारे किती रिकामी आहेत हे उघड झाले. पुढे २०२३ मध्ये रशियाने करारातून अंग काढून घेतले व नाटोनेही तो स्थगित केला. रशियाच्या छावण्यांत जाऊन रणगाडे मोजणारे निरीक्षक तर २००७ मध्येच थांबले होते. खर्च वाढविण्याचे ठराव आता होत आहेत; पण बंद पडलेला तोफगोळ्यांचा कारखाना एका अर्थसंकल्पात उभा राहत नाही.