व्हायोला वाजवून पोट भरतं का?

"कसायाचं पोरगं वाद्य वाजवून पोट भरणार का?" असं जळगावात कोणी विचारलं, की मी द्वोर्झाकचं नाव सांगतो. जन्म १८४१, प्रागजवळच्या एका खेड्यात. बाप सराय चालवायचा आणि कसाईकाम करायचा. पोरगा १८६२ मध्ये प्रागच्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवू लागला आणि १८७१ पर्यंत वाजवत राहिला. पगार तुटपुंजा, वर शिकवण्या. पण बसायला खुर्ची होती, नोकरी होती. जगप्रसिद्ध रचनाकार तो नंतर झाला.

व्हायोला व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, आवाजाने खर्जाकडे झुकलेला. धून बहुतेक व्हायोलिनकडे जाते, हा मधला भरणा करतो. टाळ्या क्वचितच वाट्याला येतात. आमच्या सारंगियांना हे दुखणं नवं नाही. आयुष्यभर गवयामागे बसले, आणि पेटी आली तशी मैफिलीतली जागाही गेली.

आमच्यातले काही म्हणतील, मास्तर, मौसिकी हराम. तो वाद उलेमांकडे ठेवा, मी रोजीबद्दल बोलतोय. आणि बाहेरचे जे म्हणतात की "संगीत तर तुमच्या रक्तातच", त्यांचं मला जास्त चिडायला होतं. रक्तात काही नसतं. मालेगावजवळच्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव बडोद्याचे महाराज झाले आणि १८८६ मध्ये त्यांनी मौलाबख्श यांच्या हाती गायनशाळा दिली. अल्लादिया खाँ कोल्हापूरला शाहू महाराजांच्या पदरी होते. आज आपण ज्याला घराण्याची परंपरा म्हणतो, तिच्या मागे दरबारचा पगार होता. संस्थानं गेली. पगार कोणी चालू ठेवला?

मुंबईच्या सिनेमाने काही वर्षं तो भार उचलला. गोव्याचे व्हायोलिन, व्हायोला, चेलोवाले स्टुडिओत बसायचे, पडद्यावर नाव नाही, पण चूल पेटायची. सिंथेसायझर आला आणि त्या खुर्च्याही रिकाम्या झाल्या. २००६ मध्ये मुंबईत एनसीपीएने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, तेव्हा कझाकस्तानसारख्या देशांतून वादक आणावे लागले. त्या पाहुण्यांबद्दल तक्रार नाही, बिचारे शिकून आले होते. आपल्याकडे शिकवतं कोण?

"पाश्चात्त्य वाद्य आपलं नाही" हे तर खानदेशात कोणी बोलूच नये. धुळ्याच्या वरातीत क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट कुठून आले? वाजवणाऱ्या पोरांचा कान तयार आहे. पण त्यांना स्वरलिपी कोणी शिकवलेली नाही, आणि लग्नसराई संपली की तेच हात हमालीला लागतात.

जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, बाहेरचे मोठे कलाकार येतात, आम्ही ऐकून घरी जातो. नाट्यगृह बांधताना खुर्च्यांची, एसीची, जनरेटरची चर्चा होते. वाद्यशिक्षकाच्या पदाची चर्चा मी अजून ऐकलेली नाही. मराठी असो वा उर्दू, माझ्या पाहण्यातल्या शाळांत संगीताचा तास म्हणजे २६ जानेवारीच्या गाण्यांची तालीम.

कौतुक, सत्कार, शाल-श्रीफळ नको. जळगावात एक आणि धुळ्यात एक, वाद्यशिक्षकाचं कायम पद द्या, सोबत दहा-बारा वाद्यं, पोरांना घरी नेता येतील अशी.