वळचणीचा मुळा : जपानची ताकुआन

मुळा असे पीक आहे की आले म्हणजे सगळ्यांचे एकदम येते. बाजारात जुडीला कोणी विचारत नाही आणि रानात ठेवावा तर आठवडाभरात आतून पोकळ, पोचट होतो. शेवटी गुरांपुढे जातो. जपानी शेतकऱ्यापुढेही हीच अडचण होती. त्याने मुळा वाळवून कोंड्यात मुरवला. या लोणच्याला ते 'ताकुआन' म्हणतात. ताकुआन सोहो (१५७३-१६४५) या बौद्ध भिक्षूवरून हे नाव पडले असे तिकडे सांगतात. तोक्योतला नेरिमा हा भाग एके काळी अशा मुळ्यासाठी प्रसिद्ध होता.

आपण 'जपानी व्हाइट' नावाचे बी पेरतोच. लांब, पांढरा, कोवळा मुळा घ्या. पाला तोडू नका. धुऊन, पाल्याला सुतळी बांधून दोन-दोनची जोडी करा आणि वळचणीला बांबूवर टांगा. वारा लागला पाहिजे, दव लागता कामा नये. दिवस मोजत बसू नका. मुळा हातात धरून वाकवून पाहा. शेंडा बुडख्याला टेकेल इतका लवचीक झाला, न मोडता कडे झाले, की वाळला. जपानच्या थंडीत याला एक-दोन आठवडे लागतात. आपल्याकडे पौषातल्या कोरड्या हवेत लवकरही होईल. अकिता भागात बाहेर बर्फ पडते, म्हणून तिथले लोक चुलीच्या धुरावर मुळा वाळवतात. त्याची चव निराळीच.

आता वाळलेला मुळा वजन करा. पाच किलोला चारशे ग्रॅम मीठ आणि पाऊण ते एक किलो तांदळाचा कोंडा. जपानात मीठ याहून थोडे कमीही घालतात, पण आपल्या उष्म्यात हात आखडू नका. कोंडा भाताच्या गिरणीतून त्याच दिवशीचा आणा, तूस चाळून काढा. शिळा कोंडा खवट होतो आणि सगळे लोणचे बिघडवतो. पेंडीच्या दुकानातला, गुरांसाठीचा कोंडा नको. चार सुक्या मिरच्या, मूठभर गूळ आणि वाळलेली संत्र्याची साल त्यात मिसळा.

भांडे चिनी मातीचे किंवा खाण्याच्या वस्तूंसाठीचे प्लास्टिक. हे मी मुद्दाम लिहितो, कारण घरोघर औषधाचे आणि खताचे रिकामे डबे धुऊन वापरताना दिसतात. कितीही धुवा, तो डबा अन्नाचा नव्हे. फवारणी होऊन मुदत उलटलेली नसेल तर तो मुळा आणि पालाही वापरू नका. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम टाळा. मीठ आणि आंबटपणा त्यांना खातो.

तळाला कोंडा पसरा, मुळे अगदी दाटीने बसवा, फट दिसली की पाला कोंबा. पुन्हा कोंडा, पुन्हा मुळे. वर पाल्याचा जाड थर, लाकडी झाकण आणि त्यावर मुळ्याच्या दुप्पट वजनाचा धुतलेला दगड. काही दिवसांत पाणी सुटून झाकणापर्यंत येते. मग वजन निम्मे करा. पाणी चढलेच नाही, तर मिठाचे पाणी उकळून, गार करून ओता. मुळा पाण्याबाहेर राहिला की बुरशी आलीच. वर पांढरी साय धरली तर काढून टाका. पण काळी-हिरवी बुरशी किंवा मुळ्याला बुळबुळीतपणा आला तर भांडेच रिकामे करा.

भांडे घराच्या थंड कोपऱ्यात ठेवा. महिन्याभराने एक मुळा काढून चाखा. रंग पिवळसर येईल. हळदीची गरज नाही; मुळ्यातला तिखटपणाच हळूहळू पिवळा होतो. बाजारी ताकुआन भडक पिवळा दिसतो तो बहुधा वरून घातलेल्या रंगाने. वास उग्र येतो. घरातली मुले पहिल्या दिवशी नाक मुरडतील. कोंडा धुऊन पातळ चकत्या करा, कुरकुरीत लागतात. वरणभाताशी किंवा भाकरीशी दोन-तीन पुरेत. कोंड्यातले ब-१ जीवनसत्त्व मुळ्यात उतरते हा फायदा, मात्र मीठ भरपूर असते. रक्तदाब असलेल्यांच्या ताटात वाढू नका.

पहिल्या खेपेला पाच किलोच करा. विकायचा विचार घरच्यांना चव पटल्यावर.