शेवेच्या जागी

गेल्या पौषात आमच्या स्वयंपाकघरातील फडताळावरून शेवेचा डबा नाहीसा झाला. इंदुरातील वाचकांना या वाक्याचे गांभीर्य समजावून सांगावे लागणार नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो, की आमच्याकडे पोह्यांवर शेव, उसळीवर शेव, वरणभाताशेजारीही चिमूटभर शेव, आणि अवेळी आलेल्या पाहुण्यापुढे ठेवायला काहीच नसले तर नुसती शेव. माझ्या रक्तातील साखर आणि रक्तदाब या दोहोंनी एकाच महिन्यात डोके वर काढले. तेव्हा डॉक्टरांनी जिलबीबरोबर तळलेल्या नमकीनावरही लाल रेघ मारली. परंतु डबा मी उचलला नव्हता. सौभाग्यवतींनी तो शेजारी देऊन टाकला आणि त्या दिवसापासून स्वतःही शेव खाणे सोडले. पथ्य मला होते, तिला नव्हते. याविषयी घरात एक शब्दही झाला नाही.

याच सुमारास पुण्याहून आमच्या कन्येने एक पुडा पाठविला. त्यावर ‘सेव्हरी ग्रॅनोला’ असे लिहिलेले होते, म्हणजे मिठा-मसाल्याचा ग्रॅनोला. ओट्स, निरनिराळ्या बिया, दाणे, थोडे तेल आणि मसाला असे हे मिश्रण तळलेले नसते, मंद उष्णतेवर भाजलेले असते. पहिला घास घेतल्यावर सौ. म्हणाली, “अहो, हा तर चिवडाच की!” पुड्याची किंमत पाहिल्यावर मात्र तिने तो पुन्हा नीट दुमडून ठेवला.

पदार्थाचा इतिहास मौजेचा आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात डॅन्सव्हिल येथे जेम्स केलब जॅक्सन नावाचे एक वैद्य आरोग्यधाम चालवीत असत. त्यांनी 1863 मध्ये कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या कडक वड्या भाजून, फोडून एक खाद्य तयार केले आणि त्याला ‘ग्रॅन्युला’ म्हटले. ते इतके कठीण असे की रात्रभर दुधात भिजविल्यावाचून चावत नसे. पुढे बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तसलेच खाद्य त्याच नावाने काढले. त्यावरून तंटा झाला, आणि एक अक्षर बदलून ‘ग्रॅनोला’ हे नाव रूढ झाले. ओट्स, मध आणि सुका मेवा घातलेला गोड ग्रॅनोला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झाला. तिखटमिठाचा प्रकार हा त्याचा धाकटा भाऊ. म्हणजे गोडाकडून तिखटाकडे यायला त्या मंडळींना शंभराहून अधिक वर्षे लागली. आपण पहिल्यापासूनच तिखट होतो, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो आवरलेला बरा.

शब्दांचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगतो. संस्कृतातील ‘पृथुक’पासून आपले पोहे आले आणि ‘चिपिटक’पासून चिवडा. मुळात दोन्हींचा अर्थ एकच, चेपटा केलेला तांदूळ. उत्तरेकडे अजूनही चिवडा म्हणजे नुसते कोरडे पोहे. मराठीने मात्र तो शब्द फोडणी दिलेल्या मिश्रणाला दिला. ओट्सचेही तेच. हे धान्य म्हणजे आपल्या उत्तरेतील ‘जई’. ती आपल्याकडे मुख्यत्वे जनावरांच्या वैरणीसाठी पेरतात. जईचे दाणे सोलून, वाफवून, रुळाखाली चेपले की ओट्स होतात. तेव्हा ओट्स म्हणजे जईचे पोहेच. हे सांगताच सौ.च्या मनातील अर्धे परकेपण गेले. उरलेले अर्धे माझ्या पाककौशल्याविषयी होते, आणि ते रास्त होते.

पहिला घाणा मी जाळला. ओव्हन भाच्याचा, मागून आणलेला. त्याच्या काट्यावर विश्वास ठेवला, सर्व जिन्नस एकदम आत ढकलले आणि वर्तमानपत्र उघडले. ओट्स बदामी होईपर्यंत कढीपत्ता कोळसा झाला होता आणि बेदाण्यांच्या गोळ्या झाल्या होत्या. दुसरा घाणा रंगाने उत्तम उतरला. पण उत्साहाच्या भरात कोमट असतानाच डब्यात भरला. सकाळी झाकण उघडले तो सगळे सादळलेले. आतली वाफ बाहेर न जाता झाकणाला धरली आणि पुन्हा खाली उतरली, हे कारण कोणतीही गृहिणी सांगू शकेल. मला ते शोधून काढावे लागले.

तिसऱ्या खेपेस जे जमले ते येथे देतो. जाड ओट्स दोन वाट्या घ्यावेत. झटपट शिजणारे बारीक ओट्स घेऊ नयेत, त्यांचा भुगा होतो. त्यांत अर्धी वाटी शेंगदाणे, पाव वाटी भोपळ्याच्या बिया, पाव वाटी सूर्यफुलाच्या बिया आणि दोन मोठे चमचे तीळ घालावेत. गाठी धरण्यासाठी तिकडे अंड्याचा पांढरा बलक फेसून घालतात. आमच्या घरी अंडे चालत नाही. त्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवावी. ती बुळबुळीत होते आणि तेच काम करते. जवसाची चटणी करणाऱ्या घरात हा जिन्नस शोधावा लागणार नाही. त्यात तीन मोठे चमचे तेल, एक लहान चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, हिंग, भरडलेले धने-जिरे आणि चमचाभर बडीशेप कालवावी. बडीशेप ही माळव्याची खूण आहे. ती वगळू नये. मीठ पाऊण लहान चमचा पुरे. मी अर्धाच घालतो.

हे सर्व हाताने चोळून, ताटात बोटभर जाडीपेक्षा कमी पसरावे आणि सुमारे 150 अंश सेल्सियसवर तीस ते पस्तीस मिनिटे भाजावे. निम्म्या वेळाने एकदा कालथ्याने खालीवर करून पुन्हा दाबून बसवावे. कढीपत्ता वेगळा कोरडा भाजून, चुरून शेवटी घालावा. येथे नवशिक्याची एक ठरलेली चूक होते. ओव्हनमधून काढलेले गरम मिश्रण नेहमीच मऊ लागते. ‘अजून झाले नाही’ असे समजून माणूस ते पुन्हा आत ठेवतो आणि करपवितो. कुरकुरीतपणा येतो तो निवताना. रंग बदामी झाला व खमंग वास सुटला की बाहेर काढावे, आणि पूर्ण थंड होईतो हात लावू नये. तासाभराने त्याचे हलक्या हाताने तुकडे करावेत.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी हिरमुसले होण्याचे कारण नाही. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे सतत परतूनही हे होते; मग जवस भिजवू नये, पूड कोरडीच शेवटी घालावी. गाठी बनत नाहीत, पण चव तीच. आमची सौ. तर कढईचाच पदार्थ अधिक चांगला म्हणते. परतणाऱ्याचा हात दुखतो हे ती सांगत नाही, कारण परततो मी.

घट्ट झाकणाच्या डब्यात हा दोन-तीन आठवडे टिकतो. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात काळजी नाही. पावसाळ्यात सादळला तर कढईत पाच मिनिटे शेकावा, पूर्ववत होतो. खवटपणाला मात्र उपाय नाही. दाण्या-बियांतील तेल हवेने आणि उजेडाने बिघडते, म्हणून बिया थोड्याच आणाव्यात.

आता पथ्याविषयी थोडे स्पष्ट बोलतो, कारण पुड्यांवर ‘आरोग्यदायी’ हा शब्द फार मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. ओट्समधील विरघळणारा तंतू साखर रक्तात सावकाश उतरू देतो आणि कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतो, हे खरे. परंतु तेलबियांनी भरलेल्या या पदार्थाच्या शंभर ग्रॅमांत सुमारे पाचशे कॅलरी असतात. वाटी घेऊन बसलो तर डॉक्टरांना फसवल्यासारखे होईल, आणि रक्ततपासणीचा कागद फसत नाही. माझे माप मूठभर, म्हणजे तीस ग्रॅमांच्या आसपास.

आणि हा मूठभरच शोभतो, कारण तो मुळात भुरभुरण्याचा पदार्थ आहे. ओल्या, मऊ पदार्थावर कोरडा, कुरकुरीत थर हेच त्याचे काम. घट्ट दह्यावर, लाल भोपळ्याच्या सारावर, काकडीच्या कोशिंबिरीवर, पापडाऐवजी मुगाच्या खिचडीवर. मात्र पाने मांडल्यावर, जेवणारा बसल्यावरच घालावा. कोशिंबिरीवर आधी घालून ठेवला तर दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो, आणि मग ग्रॅनोल्याला नावे ठेवली जातात.

खरी परीक्षा अर्थात पोह्यांवर होती. रविवारी सकाळी सौ.ने वाफेवरचे पोहे केले. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि किंचित जिरावण. त्यातही मीठ असते म्हणून किंचितच. दोन्ही बशांवर मी मूठमूठ ग्रॅनोला घातला. तिने खाल्ले. “शेव नाही ही,” ती म्हणाली. मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तिने बशी पुढे केली आणि म्हणाली, “पण अजून थोडे घाला. आणि पुढच्या वेळी लवंग घालून पाहू, रतलामी शेवेत असते तशी.”

त्याप्रमाणे चार लवंगा कुटून घातल्या. फडताळावरील त्या मोकळ्या जागी आता एक पितळी डबा बसला आहे. शेजारणीने आमचा जुना डबा परत केला तेव्हा तो रिकामा नव्हता. त्यात तिने रीतीप्रमाणे काहीतरी घालून दिले होते, आणि ती शेवच होती. सौ.ला म्हटले, “तू खा. तुला कोणी बंदी केली आहे?” तिने एक चिमूट उचलली, माझ्याकडे पाहिले, आणि उरलेली बुधवारी कामाच्या बाईंच्या मुलाला दिली.