आधी तिथी, मग तारीख

धारवाडात सारं काही आहे, दर्या तेवढा नाही. पाऊस आहे, पेढे आहेत, गाणं तर इथल्या हवेतच आहे. पण समुद्रसपाटीपासून ७०० मीटरांवरच्या या गावात भरती-ओहोटी हे शब्द माणसाच्या नशिबाबद्दल बोलतानाच कानी पडतात. त्यामुळे पोटापाण्यासाठी इथं येऊन राहिलेल्या माझ्यासारख्या गोंयकाराला मित्रमंडळींत विनाकारण एक मान मिळतो. समुद्राचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. हा मान मी आजवर बिनदिक्कत घेत आलो. तो कसा उतरला त्याची ही हकिकत, आणि त्यातून तयार झालेलं माझं एक ठाम मत.

साधनकेरीच्या तळ्याकाठी गिरमिट-मिरची खाताना बेत ठरला होता. गोकर्णहून दक्षिणेला निघायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत एका दिवसात कुमठा गाठायचं. कुडले, ओम, हाफ मून, पॅराडाइज, बेलेकान, तिथून तदडी. तदडीला अघनाशिनी नदी होडीनं ओलांडायची आणि पलीकडे कागाल, बाड करीत कुमठा. चढउतार नि वळणं धरली तर पंचवीस किलोमीटरांच्या पुढेमागे. बरेच लोक याला दोन दिवस देतात. आमच्यातल्या उत्साही मंडळींनी ताशी चार किलोमीटर असा हिशोब मांडला आणि सहा-सात तासांत कुमठा गाठून दाखवला. हुबळीच्या स्टेशनावर २०२३ साली १,५०७ मीटर लांबीचा फलाट झाला आहे, त्यावर रोज चार फेऱ्या मारून सराव करू, असंही एकानं सुचवलं. दिवस ठरला पौर्णिमेचा. उशीर झाला तर चांदणं असेल, हे त्यामागचं तर्कशास्त्र. मीच ते उचलून धरलं. चांदण्यातला दर्या कसा दिसतो यावर पाच मिनिटं बोललोदेखील.

पहाटे हुबळी सोडली. कलघटगी, यल्लापूर, अरबैल घाट उतरून गोकर्णला पोचेपर्यंत नऊ वाजले. इडली-वडा, चहा, देवदर्शन यांत आणखी तास गेला. कुडले आणि ओम हे पुळणीचे भाग मजेत गेले. हाफ मूनच्या पुढं मात्र डोंगराचा पाय थेट पाण्यात उतरतो. वरून झाडीतली वाट आहे, ती आम्हांला सापडली नाही, म्हणून खालच्या खडपांवरून निघालो. साडेअकरा झाले असतील. पाहता पाहता पुढचे खडक दिसेनासे झाले. मागं वळलो तर ज्यावरून आलो ते खडकही ओले होऊ लागलेले. एका लाटेनं एकाची पिशवी नेली. त्याच लाटेत दुसऱ्याचा पाय घसरला आणि त्याचा गुडघा फुटला. कुणी ओरडलं नाही. ओरडण्यासारखं झालं असतं तर ऐकायला तिथं कुणी नव्हतं. एकमेकांना धरून कसेबसे हाफ मूनला परत आलो. तिथं रस्ता नाही, गाडी नाही. फुटक्या गुडघ्याच्या माणसाला ओमपर्यंत चालवत आणला. कुमठा राहिलं बाजूलाच.

ओमच्या पायऱ्यांवर बसलो असताना आमच्यातल्या गणिताच्या मास्तरांनी शांतपणे विचारलं, "काय री, दर्याकाठचे तुम्ही. भरती कधी येते म्हणून तुम्हांस ठाऊक नाही होय?"

नव्हतं ठाऊक. हेच सांगायला मला हा लेख लिहावा लागला आहे.

माझ्या आजीला ठाऊक होतं. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण आज सुकती किती वाजता हे ती बोटांवर मोजून सांगे, आणि त्याप्रमाणे तिसऱ्या काढायला निघे. हिशोब साधा आहे. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. त्यानंतर सहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे घोकून घेत, त्यांतली पाऊणकी इथं कामाला येते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे ऐन साडेअकराला, भर उधाणाच्या दिवशी, पाणी सगळ्यात वर असताना मी माणसांना घेऊन खडपांवर उभा होतो. दर्यानं कसलाही दगा दिला नव्हता. तो त्याच्या वेळेवर आला होता.

म्हणून माझं मत असं: किनाऱ्यावरच्या लांब चालीचा बेत किलोमीटरांपासून सुरू करू नये, पाण्यापासून करावा. आधी तिथी, मग तारीख, मग बाकीचं.

आता नवा बेत बघा. पौर्णिमा-अमावास्या टाळून आम्ही अष्टमी धरली आहे. अष्टमीची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. हा हिशोब ढोबळ आहे, आणि मुंबईपेक्षा आमच्या गोवा-कारवारकडे भरती थोडी आधीच येते, म्हणून ओहोटी अकराच्या आसपास धरायची. शिवाय अष्टमीला भांग असते. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. आदल्या रात्रीच गोकर्णला मुक्काम. सकाळी साडेसहाला चालायला सुरुवात. आठ-साडेआठला ओम. ओम ते बेलेकान या मधल्या टप्प्यात गाडीचा रस्ता नाही, म्हणून ज्याचा पाय किंवा पोट कुरकुरत असेल त्यानं ओमवरूनच परतायचं, आणि त्याला कुणी हसायचं नाही. साडेनऊ-दहाला अवघड खडपं, तीही पाणी उतरत असताना. पाणी उतरत असलं की चुकलेल्या माणसाला दर घटकेला थोडी अधिक जागा मिळते. चढत्या पाण्यात तीच जागा कमी होत जाते. सगळा फरक एवढाच आहे. शक्य तिथं वरची वाटच धरायची. एकच्या आत तदडीची होडी. दुपारचं ऊन उजव्या गालावर घेत कागाल, बाड, आणि दिवस मावळायच्या आत कुमठा. दुपारी तीनपर्यंत नदी ओलांडली नाही तर तदडीहूनच बस. माणशी तीन-चार लिटर पाणी. महिना डिसेंबर किंवा जानेवारी. मार्चनंतर ऊन सोसत नाही आणि पावसाळ्यात तर नावच काढू नये.

हा सगळा हिशोब आज फोनवर आयता मिळतो, मग पाऊणकी कशाला, असं कुणी म्हणेल. मिळतो हे खरंच. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो, हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. ते जरूर बघावेत. पण तक्ता बघायचा असतो हे आधी सुचायला हवं ना? आमच्या सहाही फोनांत तो होता. कुणी उघडला नाही. आणि फोन बघून झाल्यावरही तदडीच्या होडीवाल्याला विचारावं. अघनाशिनीच्या खाडीत ओहोटीला शिंपले वेचणाऱ्या बायकांना विचारावं. २०२४ मध्ये या खाडीला रामसर यादीत स्थान मिळालं. धरण नसलेल्या या नदीच्या मुखाशी हजारो माणसं भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर जगतात. त्यांची भाषा कोंकणी आणि कन्नड. आपल्याला विचारायला लाज वाटण्याचं कारण नाही.

याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला, मुर्डेश्वरला, १० डिसेंबर २०२४ रोजी कोलार जिल्ह्यातून सहलीला आलेल्या चार शाळकरी मुली बुडाल्या. घाटावरची मुलं समुद्र पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काय असतं ते मी पाहिलं आहे. त्यांना सावध करायला जाणतं माणूस लागतं. पण आपण किनाऱ्यावरचे तरी जाणते उरलो आहोत का? पाळोळेहून आगोंदला बटरफ्लायच्या बाजूनं चालत निघालेल्या पाहुण्यानं उद्या मला विचारलं असतं, तर मीही हसून म्हटलं असतं, जा, काही होत नाही. दर्याकाठी जन्मलो या एका भांडवलावर.

मास्तरांनी आता पंचांग विकत आणलं आहे. परवा तळ्याकाठी त्यांनी आम्हां सगळ्यांकडून पाऊणकी म्हणून घेतली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. मी सातावर अडखळलो. गुडघा फुटलेला गडी मात्र धडाधड पंधरापर्यंत गेला. यंदाही तो येणार आहे.