पाटी कोरी आहे ना?

सदर : संगणकाच्या माजघरातून

गेल्या वर्षी या सदरात कर्नल म्हणजे काय ते पाहिलं. त्यावर एका काकूंनी विचारलं, "ते समजलं, पण मी फाइल उघडते किंवा सेव्ह करते तेव्हा आत नक्की काय होतं?" यंदाचा लेख त्याच प्रश्नावर.

थोडक्यात सांगायचं तर, आत एक अर्ज भरला जातो. तुमचा प्रोग्रॅम थेट डिस्कला हात लावू शकत नाही. तो कर्नलला विनंती करतो: एवढं वाचून दे, किंवा एवढं लिही. लिनक्समध्ये त्यासाठी मेमरीत जो अर्ज तयार होतो, त्याचं नाव 'केआयओसीबी'. रकाने मोजकेच. फाइल कोणती, कितव्या बाइटपासून सुरुवात, काम झाल्यावर कोणाला कळवायचं, काही खुणा म्हणजे फ्लॅग, प्राधान्य किती, आणि फाइलसिस्टीमला स्वतःच्या नोंदीसाठी एक 'प्रायव्हेट' रकाना. वाचायचा किंवा लिहायचा मजकूर मेमरीत कुठे आणि किती, ही माहिती वेगळ्या पुरवणीत असते. मग हा अर्ज फाइलसिस्टीमकडे जातो.

अडचण अशी की हा अर्ज छापील कोऱ्या कागदावर भरलेला नसतो. मेमरी म्हणजे वर्गात फिरणारी पाटी. आधीच्याने जे लिहिलं ते तसंच राहतं, आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय कर्नलमध्ये ते कोणी पुसत नाही. त्यामुळे न भरलेला रकाना रिकामा असेलच असं नाही. तिथे कोणाचा तरी जुना आकडा असू शकतो, आणि वाचणाऱ्याला तो खराच वाटतो.

त्यात भर म्हणजे अर्ज भरणारे अनेक. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाची नावनोंदणी आठवा: कोणी वेबसाइटवर नाव देतं, कोणी फोनवर, कोणी ऐनवेळी दारात. स्वयंपाकघरातल्या मंडळींपुढे मात्र एकच यादी येते. दारातल्या स्वयंसेवकाने 'मुलांची ताटं' हा रकाना सोडून दिला, तर त्याचा अर्थ मुलं नाहीत असा घ्यायचा, की विचारायचं राहिलं असा?

लिनक्समध्येही अशी तीन मोठी दारं आहेत. पहिलं साध्या रीड आणि राइटचं, जिथे प्रोग्रॅम काम होईपर्यंत थांबतो. दुसरं 'एआयओ', जिथे विनंती देऊन प्रोग्रॅम पुढच्या कामाला लागतो. तिसरं 'आयओ-युरिंग', 2019 मध्ये लिनक्स 5.1 बरोबर आलेलं. पहिल्या दारावर एक छोटं फंक्शन अख्खा अर्ज एका दमात भरतं. तिथे सी भाषेचा एक नियम कामाला येतो: स्ट्रक्चर असं एकदम भरलं की ज्या रकान्याचं नाव घेतलं नाही, तो आपोआप शून्य होतो. दुसऱ्या दारावर रकाने एकेक करून भरले जातात. म्हणजे एखादा राहू शकतो.

आणि तो राहिलाच. एआयओचा अर्ज त्याच्या आवरणासकट 192 बाइटांचा होता आणि आधी तो पूर्ण पुसला जाई. 2018 च्या अखेरीस एक सुधारणा आली: सगळं पुसायचं कशाला, गरजेचे रकाने तेवढे भरू. कारण रास्त होतं. आजच्या वेगवान एसएसडीवर सेकंदाला लाखो विनंत्या होतात, तिथे प्रत्येक बाइटचा हिशेब लागतो. पण या काटकसरीत 'प्रायव्हेट' रकाना ना पुसला गेला, ना भरला गेला. 2019 च्या सुरुवातीला त्यावर एका ओळीची दुरुस्ती झाली: हा रकाना शून्य करा, एखादी फाइलसिस्टीम तो तसा असेल असं धरून चालत असेल. सुधारणा एआयओच्या दारावर झाली, पण तिचा त्रास व्हायचा तर फाइलसिस्टीमला, म्हणजे जिने काहीच बदललं नव्हतं तिला. अशा चुका शोधणं म्हणूनच जिवावर येतं.

मग सरसकट सगळं पुसून टाकलं तर? तशी सोय आहे. लिनक्स 5.3 पासून एक पर्याय निवडला की कर्नल मेमरी देतानाच ती शून्य करतो. कर्नलच्याच माहितीनुसार बहुतेक ठिकाणी त्याचा भार एक टक्क्याहून कमी, काही कृत्रिम चाचण्यांत मात्र सात टक्क्यांपर्यंत. मी तो पर्याय आनंदाने घेईन. तरी त्यावर विसंबून राहणार नाही, कारण शून्यालाही अर्थ असतो. 'कोणाला कळवायचं' हा रकाना शून्य असेल, तर कर्नल समजतो की विनंती करणारा समोरच थांबला आहे. खुणांचं तर याहून नाजूक. फाइल उघडताना प्रोग्रॅमने सांगितलेलं असतं की प्रत्येक लिखाण डिस्कवर पोचल्याशिवाय 'झालं' म्हणू नका. ही खूण फाइलवरून प्रत्येक अर्जावर उतरवावी लागते. एखाद्या दाराने ती न उतरवता तिथे स्वच्छ शून्य ठेवलं, तर सगळं सुरळीत दिसेल. डेटाबेस म्हणेल, पैसे जमा झाले. आणि तेवढ्यात वीज गेली, तर ती नोंद मेमरीबरोबरच जाईल. म्हणूनच फाइलवरून खुणा उतरवण्याचं काम तिन्ही दारांसाठी एकाच ठिकाणी ठरलेलं आहे.

मध्यंतरी कोड तपासताना एका तरुण सहकारिणीने मला विचारलं, "आपण हे रकाने वापरतच नाही, मग भरायचे कशाला?" मी म्हटलं, "अगं, आपण भरणारे. वाचणारा पलीकडे बसलाय, आणि आपण कुठल्या दाराने आलो हे त्याला ठाऊक नाही." तिने थोडा विचार करून एकच फंक्शन लिहिलं आणि रीड-राइट दोन्हींना तेच वापरायला लावलं. पुढे नवा रकाना आला, तर तो एकाच जागी भरावा लागेल.

कोड लिहिणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं: अर्ज भरण्याची जागा एकच ठेवा, तो एका दमात भरा, आणि शून्य ठेवाल तिथे ते जाणूनबुजून ठेवा. काही बाइट वाचवायचेच असतील, तर आधी पलीकडे कोण काय वाचतं ते बघून या.

पुढच्या दिवाळीत हाच अर्ज फाइलसिस्टीममधून प्रत्यक्ष डिस्कपर्यंत कसा पोचतो, ते पाहू. तोवर फराळाचा आनंद घ्या!