मखर आणि घसारा

बोहारणीसाठी बांधलेले गाठोडे मागच्या गणपतीआधी सौ.ने पुन्हा सोडले आणि त्यातल्या दोन साड्या मागे ठेवल्या. डोंबिवलीतल्या आमच्या घरचे मखर त्या साड्यांचे आणि फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे झाले. नातीने जुन्या बांगड्यांना रंगीत लोकर गुंडाळून त्या वर लावल्या. पाहुण्यांचा पहिला प्रश्न होता, ‘केवढ्याला आणले?’

या प्रश्नातच आजच्या बाजाराचे मर्म आहे. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. ते योग्यच झाले. थर्माकोल कुजत नाही. पण त्यापायी मखरे कोरणाऱ्या कारागिरांचा हंगाम गेला, आपली सवय मात्र गेली नाही. आता ‘पर्यावरणपूरक’ मखर विकत आणायचे आणि पुढल्या वर्षी पुन्हा नवे!

बँकेत आम्ही दरवर्षी घसारा काढायचो. खुर्ची मजबूत असली तरी वह्यांत तिची किंमत घटत जाई. घरचा हिशेब निराळा होता. आईचे सुती पातळ जितके विरत जाई, तितके गोधडीसाठी मऊ होई. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीणही हेच जाणते. तिच्याशी आपण एका वाटीसाठी तासभर घासाघीस करतो. तेच जुने कापड पिशवी होऊन प्रदर्शनात आले, की मुकाट्याने पैसे मोजतो.

यंदा गाठोडे देताना निदान तेवढी घासाघीस टाळू या. मखर तर माळ्यावर आहेच.