गोलांची बेरीज, पैजांचा गुणाकार

१ डिसेंबर २०२२ रोजी कतारच्या विश्वचषकात चार सामने झाले. मोरोक्कोने कॅनडाला २-१ असे नमवले. जपानने स्पेनला तेवढ्याच गोलांनी चकित केले. जर्मनीने कोस्टा रिकावर ४-२ असा विजय मिळवला आणि तरीही त्यांना गाशा गुंडाळावा लागला. या तीन सामन्यांत मिळून बारा गोल झाले. चौथा सामना क्रोएशिया आणि बेल्जियम यांचा. मध्यंतरानंतर उतरलेल्या रोमेलू लुकाकूने एक फटका गोलखांबावर मारला, आणखी काही सोप्या संधी गोलजाळ्याच्या तोंडाशी दवडल्या आणि सामना ०-० असा संपला. बेल्जियम स्पर्धेबाहेर गेला. वैतागलेल्या लुकाकूने राखीव खेळाडूंच्या कक्षाची काच ठोसा मारून फोडली, ते दृश्य जगभर पाहिले गेले.

त्या दिवशी ‘चारही सामन्यांत तीन किंवा अधिक गोल होतील’ अशी एकत्रित पैज ज्यांनी लावली असेल, त्यांची चिठ्ठी भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारासच रद्दी झाली. जर्मनी आणि जपानचे सामने तेव्हा सुरूही व्हायचे होते. मात्र पहाटेपर्यंत तेही सामने मनासारखे लागले आणि ‘चारातले तीन बरोबर आले, फक्त एकच चुकला’ हे वाक्य म्हणायची सोय झाली. ऑनलाइन सट्ट्याचा आजचा सर्वांत किफायतशीर धंदा या एका वाक्यावर उभा आहे.

या प्रकारच्या पैजेला अमेरिकेत ‘पार्ले’ आणि ब्रिटनमध्ये ‘अॅक्युम्युलेटर’ म्हणतात. (विलेपार्ले आणि तिथल्या बिस्किटाशी या नावाचा संबंध नाही.) मराठीत तिला साखळी पैज म्हणता येईल. प्रत्येक सामन्यावर वेगळे पैसे न लावता सर्व अंदाज एका चिठ्ठीत गुंफायचे. सगळे बरोबर आले तर भावांचा गुणाकार होऊन मोठी रक्कम मिळते, एक जरी चुकला तरी सारे बुडते. फुटबॉलमध्ये या साखळीचा आवडता दुवा म्हणजे एकूण गोलांची पैज. ‘अडीचच्या वर’ म्हणजे दोन्ही संघांचे मिळून किमान तीन गोल, ‘अडीचच्या खाली’ म्हणजे जास्तीत जास्त दोन. अर्धा गोल कधी होत नाही, म्हणूनच सीमारेषा अडीचवर ओढलेली असते. बरोबरीचा निकाल उरत नाही. हिशेब नव्वद मिनिटे आणि पंचांनी वाढवलेली मिनिटे एवढ्यांचाच. ब्राझील आणि क्रोएशिया यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात दोन गोल झाले खरे, पण दोन्ही अतिरिक्त वेळेत. पैजेच्या वहीत तो सामना ०-० असाच नोंदला गेला.

गोलांच्या बेरजेवरची पैज लोकप्रिय का व्हावी, हे गोमंतकीय वाचकाला सांगण्याची फारशी गरज नाही. विश्वचषक आला की सासष्टीपासून बार्देशपर्यंत पोर्तुगाल, ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे झेंडे लागतात. आपल्या संघाविरुद्ध पैसे लावणे मनाला पटत नाही आणि आपल्याच संघावर लावणे बुद्धीला. गोलांची पैज या दोन्हींतून सुटका करते. जिंको कुणीही, गोल झाले म्हणजे झाले. शिवाय संघ, प्रशिक्षक, दुखापती यांची माहिती नसलेल्यालाही तो अंदाज आपल्याला जमेल असे वाटते. कुठल्या तरी दूरच्या देशातील दुय्यम लीगचा, नावही न ऐकलेल्या संघांचा सामना मग चिठ्ठीत सहज शिरतो.

आता हिशेबाकडे वळू. कतारमधील ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्यामागे सरासरी २.६९. एवढी सरासरी असली की एखाद्या सामन्यात तीन किंवा अधिक गोल होण्याची शक्यता साधारण निम्मी असते. नाणे वर उडवण्यासारखेच. न्याय्य भाव असता तर शंभर रुपयांना दोनशे मिळायला हवेत. पैज घेणारी कंपनी तिथे एकशे नव्वदच्या आसपास देते. ती दहाची तफावत म्हणजे तिचे पोट. एका सामन्यापुरती ती शंभरामागे पाच रुपये पडते आणि फारशी बोचत नाही.

साखळीत मात्र भावांबरोबर ही तफावतही गुणली जाते. चार सामन्यांची चिठ्ठी सरासरीने सोळांतून एकदा लागते. न्याय्य रक्कम शंभराला सोळाशे. हाती पडते सुमारे तेराशे तीन. म्हणजे कंपनीचा वाटा पाच टक्क्यांवरून साडेअठरा टक्क्यांवर गेला. सहा सामन्यांना तो साडेसव्वीस टक्के होतो, दहा सामन्यांना चाळीस. चिठ्ठी लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर या काळात एकच आकडा वाढत असतो, तो म्हणजे संभाव्य बक्षिसाचा. दुसरा आकडा कुठल्याही पडद्यावर दिसत नाही.

जाणकार म्हणवणारे यावर एक तोडगा सांगतात, तो म्हणजे अडीचऐवजी ‘दीडच्या वर’ किंवा ‘अर्ध्याच्या वर’ घ्यावे, म्हणजे पैज ‘सुरक्षित’ होते. दोन किंवा अधिक गोल होण्याची शक्यता चारांत तीन, ही गोष्ट खरी. पण अशा सात ‘सुरक्षित’ सामन्यांची साखळी शंभरांतून तेरा वेळाच पूर्ण होते. ‘किमान एक गोल’ ही तर हमखास वाटणारी पैज. कतारमध्ये नव्वद मिनिटांअखेर आठ सामने गोलशून्य होते. त्याच प्रमाणाने दहा सामन्यांची साखळी घेतली, तर ती चारांतून साधारण एकदाच शेवटापर्यंत टिकेल.

इथेच त्या ‘एकच चुकला’ या वाक्याचा उलगडा होतो. निम्म्या शक्यतेच्या चार सामन्यांचे सोळा निकाल संभवतात. त्यांतील एकात सर्व अंदाज बरोबर, पण चारांत नेमका एकच चूक. म्हणजे जिंकण्याच्या चौपट वेळा माणूस ‘थोडक्यात’ हरतो. सहा सामन्यांच्या साखळीत सहापट वेळा. हा कुणाच्या नशिबाचा दोष नाही आणि कौशल्य वाढत असल्याची खूणही नाही. चिठ्ठीची रचनाच अशी आहे. दर आठवड्याला ‘थोडक्यात’ हुकणारा तरुण स्वतःला जिंकण्याच्या जवळ पोहोचलेला समजतो. कंपन्या याला खतपाणी घालतात. एक अंदाज चुकला तर रक्कम पुढच्या पैजेसाठी ‘परत’ देण्याची योजना असते. अर्धी साखळी लागल्यावर ‘आत्ताच थोडे पैसे घेऊन बाहेर पडा’ असा प्रस्ताव पडद्यावर येतो, आणि त्या रकमेतही कंपनीने आपली कात्री पुन्हा चालवलेली असते.

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात क्रीडा सट्टा दीर्घकाळ कायदेशीर आहे आणि त्याचे आकडे जाहीर होतात. तिथे सर्व क्रीडा पैजा मिळून अड्ड्यांच्या हाती लावलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या आसपास उरतात. पार्लेच्या कार्डांवर मात्र सुमारे तीस टक्के. मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना क्रीडा सट्ट्याची वाट मोकळी करून दिली. त्यानंतर एकामागून एक राज्यांत मोबाइलवर पैजा सुरू झाल्या आणि कंपन्यांनी जाहिरातींचा सारा रोख पार्लेवर ठेवला. ज्या मालावर सहापट नफा, तोच दुकानाच्या दर्शनी भागात मांडला जाणार.

गोव्याला जुगाराचे गणित नवे नाही. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली, पुढे मांडवीच्या पात्रात कॅसिनोंची जहाजे आली, आणि त्यांवरचा वाद आजही विधानसभेपासून पणजीच्या फुटपाथपर्यंत चालू आहे. मटक्याचे तर नावच पुरे. पण तुलना केली तर एक विचित्र गोष्ट दिसते. एक शून्य असलेल्या रूलेटच्या चक्रावर कॅसिनोचा वाटा २.७ टक्के असतो. मटक्याचा रूढ भाव एकेरी आकड्याला रुपयास नऊ आणि जोडीला नव्वद. ठिकाणपरत्वे तो थोडा बदलतो. एकेरीची शक्यता दहांत एक, जोडीची शंभरांत एक. दोन्हीकडे मटकेवाला दहा टक्केच ठेवतो. साखळीचा नियम लावला असता तर जोडीला नऊ नव्वे एक्क्याऐंशीच मिळाले असते. ज्याला समाज गावठी आणि बदनाम धंदा म्हणतो, तो जोडीवर दुप्पट कात्री चालवत नाही. चकचकीत अॅप चालवते. याचा अर्थ मटका बरा असा नव्हे. नुकसान मोजण्याची आपली फूटपट्टी तोकडी पडते आहे, एवढाच.

आणखी पुढची पायरी म्हणजे एकाच सामन्यातली साखळी. यजमान जिंकणार, एकूण गोल अडीचच्या वर, दोन्ही संघ गोल करणार, अमुक खेळाडू गोल करणार. हे सारे अंदाज एकमेकांत गुंतलेले असतात. गोल जास्त झाले तर अमुक खेळाडूने गोल केल्याची शक्यताही वाढते. अशा वेळी साधा गुणाकार चालत नाही. भाव कंपनीचे गणित ठरवते आणि तो तपासण्याचे साधन ग्राहकाकडे नसते. वेगवेगळ्या सामन्यांच्या साखळीत कंपनीची कात्री किती चालली हे कागद-पेन्सिल घेऊन काढता तरी येते. इथे तीही सोय नाही.

या पैजेचा दुसरा बळी खुद्द खेळ आहे, आणि गोव्याला त्याची चिंता अधिक असायला हवी. फुटबॉल हा इथला अधिकृत राज्य क्रीडाप्रकार. सामना हरण्यासाठी खेळाडूला विकत घेणे अवघड असते, कारण हार सर्वांच्या डोळ्यांत येते. गोलांची बेरीज वाढवणे त्या मानाने सोपे. जो संघ हरणारच आहे, त्याने दोनऐवजी चार गोल खाल्ले तर कोण विचारतो? ९ फेब्रुवारी २०११ रोजी तुर्कस्तानातील अंताल्या येथे दोन आंतरराष्ट्रीय मैत्रीपूर्ण सामने झाले. लॅटव्हियाने बोलिव्हियाला २-१ असे हरवले, एस्टोनिया-बल्गेरिया सामना २-२ असा सुटला. दोन्ही सामन्यांतील सातही गोल पेनल्टीवर झाले होते. एक पेनल्टी हुकली, तर पंचांनी ती पुन्हा मारायला लावली! फिफाने त्या सामन्यांतील सहा पंचांवर आजीव बंदी घातली. कोण जिंकतो याच्याशी त्या टोळीला कर्तव्य नव्हते. गोल पुरेसे व्हायला हवे होते. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, युरोपोलने ६८० संशयास्पद सामन्यांची माहिती जाहीर केली. त्यांतील सुमारे ३०० सामने युरोपाबाहेरचे होते.

प्रेक्षकांअभावी मोकळ्या स्टँडसमोर खेळले जाणारे, पण कुठल्या तरी मोबाइलवर थेट दिसणारे राज्य पातळीवरचे सामने या धंद्याला सर्वांत सोयीचे. तुटपुंज्या आणि अनियमित मानधनावर खेळणारा बचावपटू, आणि त्याच्या एका चुकीवर दूर देशात लागलेली रक्कम, यांतील अंतर भयावह आहे. साखळी पैजांना रोज डझनावारी सामने लागतात. ही भूक मोठ्या लीग भागवू शकत नाहीत, म्हणून लहान लीग यादीत ओढल्या जातात. त्या लीगच्या संघटनेला त्यातून एक पैसाही मिळत नाही. पहारा ठेवण्याचा खर्च मात्र तिच्याच माथी येतो.

केंद्राने २०२५ मध्ये आणलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंद केले. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे, पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचे प्रायोजकाचे नाव काही दिवसांत नाहीसे झाले. देशातील नोंदणीकृत कंपन्यांपुरता कायदा तत्काळ लागू पडला. परदेशी बेटांवर नोंदलेल्या संकेतस्थळांची गोष्ट वेगळी. एक पत्ता बंद केला की एखादे अक्षर बदलून दुसरा उघडतो. २०२२ मध्येच केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ‘क्रीडा वृत्त’ संकेतस्थळांच्या आडून होणाऱ्या सट्ट्याच्या जाहिरातींविरुद्ध दोनदा सूचना काढल्या होत्या. मोठ्या स्पर्धांच्या पडद्यावर ती नावे त्यानंतरही दिसत राहिली.

राज्याच्या हाती काय उरते? गोव्याचा १९७६ चा कायदा गल्लीतल्या मध्यस्थाला लागू होतो, आणि पैसा शेवटी अशाच कुणाच्या तरी खात्यातून फिरतो. जुगाराचा छापा म्हणजे पत्ते, रोकड आणि मटक्याची पाने, हा पोलिसी नमुना मात्र इथे निरुपयोगी आहे. भाड्याने घेतलेली बँक खाती आणि यूपीआयवरून मध्यरात्री होणाऱ्या लहानसहान रकमांच्या रांगा हाच आजचा अड्डा. गोवा फुटबॉल संघटनेने आपल्या सामन्यांवर लागणाऱ्या भावांची देखरेख नियमितपणे करून घ्यावी आणि त्याचा भार राज्य सरकारने उचलावा. मांडवीतील जहाजांकडून जमा होणाऱ्या महसुलाचा एक लहानसा हिस्सा त्यासाठी पुरेल. शाळा-महाविद्यालयांतून ‘जुगार वाईट’ हे व्याख्यान देण्यापेक्षा गणिताच्या तासाला चार सामन्यांची चिठ्ठी फळ्यावर सोडवून दाखवणे अधिक उपयोगाचे. सोळांतून एक आणि सोळांतून चार यांतला फरक आठवीच्या मुलालाही कळतो.

कतारमध्ये ६४ सामने होते. २०२६ च्या विश्वचषकाची आखणी ४८ संघांची आणि १०४ सामन्यांची, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या मैदानांवरची. भारतातून पाहणाऱ्यासाठी यांतले बहुतेक सामने रात्री उशिरा ते सकाळपर्यंतचे. साखळीतला पहिला सामना संपतो तेव्हा घरातली बाकीची माणसे झोपलेली असतात.